माध्यमिक वर्गात डेटा शिकवण्यासाठी लिबरऑफिस कॅल्क: एक परीक्षण

माध्यमिक शाळेत संगणक शिकवताना डेटाचे सादरीकरण आणि डेटावरील प्रक्रिया ही दोन प्रकरणे बहुतेक ठिकाणी फळ्यावरच उरकली जातात. विद्यार्थी द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) संख्येचे दशमान करायला शिकतो, ‘डेटा म्हणजे काय’ याची व्याख्या पाठ करतो आणि संगणक कक्षात गेल्यावर मात्र चित्रे रंगवतो किंवा आपले नाव टंकतो. हे अंतर कमी करण्यासाठी लातूर जिल्ह्यातील आमच्या शाळेत आम्ही लिबरऑफिस या कार्यालयीन संचातील कॅल्क हा तक्त्यांचा प्रोग्राम वापरतो. कार्यालयीन कामासाठी तो कसा आहे यावर भरपूर लिहिले गेले आहे. शिकवण्याचे साधन म्हणून तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे अडतो, एवढेच येथे तपासायचे आहे. माझे मत आधीच सांगतो: संगणकात साठवलेले मूल्य आणि पडद्यावर दिसणारे मूल्य यांतला फरक मुलांच्या डोळ्यांसमोर ठेवण्यासाठी माझ्या पाहण्यात याहून सोयीचे साधन नाही.

खर्चाचा मुद्दा थोडक्यात. लिबरऑफिस विनामूल्य आहे आणि त्याचा परवाना मुक्त आहे. २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळा झालेला हा प्रकल्प ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही संस्था सांभाळते. आमच्या कक्षातील संगणकांवर पुरवठादाराने सशुल्क कार्यालयीन संचाची चाचणी आवृत्ती टाकून दिली होती. तिची मुदत संपल्यावर संगणक असूनही काम बंद, अशी अवस्था झाली. कॅल्क एकदा पेन ड्राइव्हवरून बसवला की इंटरनेट लागत नाही, नूतनीकरण लागत नाही आणि जुन्या संगणकावरही तो बऱ्यापैकी चालतो. शिवाय मुलांना तोच प्रोग्राम गावातल्या सेवा केंद्रात किंवा घरच्या संगणकावर निर्धास्तपणे बसवता येतो, ही शाळेच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

आता मुख्य विषयाकडे येतो. मराठवाड्यातील मुलांना पाऊस हा विषय समजावून सांगावा लागत नाही. घरात, पारावर आणि मोंढ्यात जून ते सप्टेंबर तीच चर्चा असते. म्हणून आमच्या वर्गाचा पहिला तक्ता शाळेच्या आवारातील पर्जन्यमापकाच्या नोंदींचा असतो. चार महिन्यांचे १२२ दिवस, म्हणजे १२२ ओळी. एका स्तंभात दिनांक, दुसऱ्यात मिलिमीटर. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, हे शेतकऱ्यांच्या मुलांना पंचनाम्यांमुळे ठाऊकच असते. वर्गात मी दोन नोंदी मुद्दाम घेतो: एक ६४.८ आणि दुसरी ६५.३. या दोन सेलचे (तक्त्यातील चौकटींचे) स्वरूप बदलून दशांशस्थळे शून्य केली की पडद्यावर दोन्ही ठिकाणी ६५ दिसते. मग शेजारच्या स्तंभात ‘मूल्य ६५ पेक्षा जास्त असेल तर अतिवृष्टी, नसेल तर नाही’ असे इफचे सूत्र लिहायला सांगतो. दिसायला सारख्या असलेल्या दोन आकड्यांपैकी एकासमोर ‘अतिवृष्टी’ उमटते आणि दुसऱ्यासमोर ‘नाही’. वर्गात लगेच कुजबुज सुरू होते, कारण मुलांना सूत्र चुकले असे वाटते. सेलवर क्लिक करून वरच्या सूत्रपट्टीत पाहिले की खरे मूल्य सापडते. त्यानंतर स्वरूप न बदलता राउंड हे फलन (तयार सूत्र) वापरून पूर्णांक करायला लावतो. आता दोन्ही मूल्ये खरोखरच ६५ होतात आणि दोन्हींसमोर ‘नाही’ येते. पहिल्या कृतीत फक्त दिसणे बदलले, दुसऱ्या कृतीत डेटाच बदलला आणि एका गावाची अतिवृष्टी कागदावरून पुसली गेली. सादरीकरण आणि प्रक्रिया यांतला भेद व्याख्येतून असा कळत नाही.

रिकामी सेल आणि शून्य यांतला फरकही याच तक्त्यात शिकवता येतो. पाऊस पडला नाही त्या दिवशी ० लिहायचे आणि मोजमापच झाले नाही त्या दिवशी सेल रिकामी ठेवायची, हा नियम मुले सुरुवातीला पाळत नाहीत. सुट्टीच्या दिवशीही सरसकट शून्य भरतात. चार दिवसांच्या नोंदी १८, ०, रिकामी आणि ६ अशा असतील तर कॅल्क रिकामी सेल सोडून सरासरी ८ काढतो. त्या जागी शून्य भरले तर सरासरी ६ होते. ही दोन उत्तरे समोरासमोर ठेवली की नोंद घेणाऱ्याचा निष्काळजीपणा निष्कर्षापर्यंत कसा पोहोचतो, ते वेगळे सांगावे लागत नाही. हवामान खाते २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणते. काउंटइफ या फलनाने असे दिवस मोजायला मुलांना आवडते, आणि एकूण पाऊस सारखा असलेल्या दोन वर्षांत पावसाच्या दिवसांची संख्या वेगळी असू शकते हेही त्यांच्या लक्षात येते. कोरडवाहू शेतीत हा फरक किती महत्त्वाचा आहे ते मुलेच घरच्या सोयाबीनच्या उदाहरणावरून सांगतात.

नेहमी होणारी आणखी एक चूक म्हणजे संख्येबरोबर एकक टंकणे. ‘१२ मिमी’ असे लिहिताच कॅल्कच्या दृष्टीने ती संख्या राहत नाही, मजकूर होतो. बेरजेचे सूत्र अशी सेल गुपचूप वगळते आणि कोणतीही सूचना देत नाही. हा या प्रोग्रामचा दोष मानायचा की गुण, यावर मतभेद होऊ शकतात. नवख्या विद्यार्थ्याला एखादी खूण मिळायला हवी होती असे मला वाटते. मात्र यावर उपाय प्रोग्राममध्येच आहे. व्ह्यू मेनूतील व्हॅल्यू हायलायटिंग चालू केले की मजकूर काळ्या, संख्या निळ्या आणि सूत्रे हिरव्या रंगात दिसतात. डेटाचे प्रकार शिकवण्यासाठी मला ही सोय पाठ्यपुस्तकातील कोष्टकापेक्षा अधिक मोलाची वाटते आणि प्रत्येक तासाच्या सुरुवातीला मी ती चालू करायला सांगतो.

दिनांकांच्या बाबतीत कॅल्क फार सुंदर काम देतो. दिनांक लिहिलेल्या सेलचे स्वरूप ‘संख्या’ केले की त्या जागी एक पूर्णांक दिसतो, कारण ३० डिसेंबर १८९९ हा शून्यावा दिवस धरून पुढचे दिवस मोजलेले असतात. १५ ऑगस्ट १९४७ म्हणजे १७३९४ आणि १७ सप्टेंबर १९४८ म्हणजे १७७९३. एका सेलमधून दुसरी वजा केली की ३९९ हे उत्तर येते. देश स्वतंत्र झाल्यानंतर मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त व्हायला ३९९ दिवस लागले, हे मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत दरवर्षी ‘तेरा महिने’ म्हणून ऐकणाऱ्या मुलांना स्वतः काढता येते. १९४८ हे लीप वर्ष असल्याने फेब्रुवारीचा एक दिवस जास्तीचा धरावा लागतो. तो हिशेब संगणक का चुकत नाही, याचेही उत्तर त्या पूर्णांकांतच आहे.

द्विमान पद्धतीसाठी दशमान संख्येचे द्विमान करणारे डेक-टू-बिन हे फलन आहे, पण ते फक्त -५१२ ते ५११ एवढ्याच संख्या घेते. ५१२ दिले की चूक दाखवते. पहिल्यांदा हे अडचणीचे वाटते, तरी मी ते मुद्दाम शिकवतो. उत्तरासाठी दहाच बिट (० किंवा १ च्या जागा) राखून ठेवलेले असून त्यांतला पहिला चिन्हासाठी खर्च होतो, म्हणून धन बाजूला ५११ वर मर्यादा येते. -१ दिल्यावर दहाही जागी १ येतो, तेव्हा ऋण संख्या साठवण्याची पूरक पद्धत समजावण्याची आयती संधी मिळते. मोठ्या संख्यांसाठी बेस हे दुसरे फलन आहे. तक्त्याचा आकारही याच धड्यात येतो: एकूण ओळी १०,४८,५७६, म्हणजे २ चा विसावा घात. स्तंभ पूर्वी १,०२४ होते, ७.४ या आवृत्तीपासून ते १६,३८४, म्हणजे २ चा चौदावा घात आहेत. हे आकडे असे ‘विचित्र’ का, याचा शोध हुशार विद्यार्थी स्वतःच घेतात.

मराठी माध्यमाच्या मुलांना अक्षरांचे सादरीकरण इंग्रजी ए आणि बी वरून शिकवणे मला कधीच पटले नाही. युनिकोड या प्रमाणात प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरलेला क्रमांक असतो; कॅल्कमधील युनिकोड हे फलन ‘म’ ला २३५० हा क्रमांक देते; बेस वापरून त्याचे सोळा अंकी द्विमान रूप काढले की ००००१००१००१०१११० मिळते. लेन या फलनाला ‘लातूर’ दिले तर उत्तर ५ येते. आपण तीन अक्षरे म्हणतो, संगणक ल, काना, त, दीर्घ उकार आणि र असे पाच घटक मोजतो. ‘क्षेत्र’ या शब्दाला तर ७ मिळतात. एखाद्या सरकारी फॉर्ममध्ये मराठी नाव ‘फार लांब’ का ठरते, हा प्रश्न एका विद्यार्थिनीने याच तासाला विचारला होता, आणि प्रश्न अगदी रास्त होता.

चित्रांसाठी आम्ही स्तंभ अरुंद करून चौरस सेल बनवतो आणि सशर्त स्वरूपाने १ असेल तिथे गडद रंग, ० असेल तिथे पांढरा असे ठरवतो. पैठणीची नक्षी आलेख कागदावर चौकटीचौकटींनी मांडतात, तसेच हे काम आहे. मुलींना त्यात विशेष रस वाटतो. आठ सेलची ओळ ००११११०० अशी भरली की तिची किंमत ६० होते, आणि आठ ओळींचे आठ आकडे दुसऱ्या गटाला फक्त तोंडी सांगितले तरी त्यांच्या पडद्यावर तेच चित्र उमटते. ध्वनीच्या बाबतीत मात्र कॅल्क अपुरा आहे. ध्वनीच्या नमुन्यांचे (ठरावीक अंतराने मोजलेल्या मूल्यांचे) गणित तेवढे करता येते, पण ऐकवण्यासाठी दुसरा प्रोग्राम लागतो.

प्रक्रियेच्या पुढच्या टप्प्यासाठी मोंढ्यातील भाव घेतो. मुले घरची विक्रीपट्टी आणतात, त्यावरची नावे झाकून फक्त दिनांक, आवक आणि दर तक्त्यात भरतात. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. कोणत्या पट्टीत दर त्याखाली गेला ते गाळणी लावून वेगळे काढता येते. आलेख काढताना उभ्या अक्षाची सुरुवात ० ऐवजी ४,००० पासून करायला लावतो, म्हणजे शंभर रुपयांचा फरक केवढा मोठा भासतो ते दिसते. पिव्हट टेबल (डेटाचा गटवार सारांश देणारा तक्ता) मी नववीनंतरच घेतो. आठवीच्या मुलांना त्याची खिडकी गोंधळात टाकते.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. मराठी मेनू उपलब्ध आहेत, पण भाषांतर सर्वत्र पूर्ण नाही, त्यामुळे एकाच खिडकीत मराठी आणि इंग्रजी मिसळते. आम्ही शेवटी इंग्रजी मेनूच ठेवला. स्तंभात आधी आलेला शब्द आपोआप पुढे करण्याची सोय कधीकधी घात करते आणि घाईत चुकीच्या गावाचे नाव भरले जाते. इतरांकडून आलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेली साधी मजकूर) फाइल उघडताना अक्षरसंच यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) निवडला नाही तर मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेल्या याद्यांवर तर हा उपायही चालत नाही. अशी एक यादी मात्र मी जपून ठेवली आहे: फाँट बदलताच मराठी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि तिथे साठवलेले मराठी मुळात नव्हतेच हे मुलांना पटते.

एका गुणाचा उल्लेख सहसा कुणी करत नाही. कॅल्कची ओडीएस फाइल ही प्रत्यक्षात झिप केलेली फोल्डर असते. प्रत काढून तिच्या नावाच्या शेवटचे .ods बदलून .zip केले आणि ती उघडली, तर आत कंटेंट नावाची एक्सएमएल (खुणांसह लिहिलेल्या साध्या मजकुराची) फाइल सापडते. तिच्यात प्रत्येक सेलचा प्रकार, खरे मूल्य आणि दिसणारा मजकूर वेगवेगळे लिहिलेले असतात. पहिल्या तक्त्यातील ६४.८ आणि त्याच्याशेजारी लिहिलेले ६५ मुलांना साध्या नोटपॅडमध्ये शोधता येते. बंद स्वरूपाच्या फाइलमध्ये हे शक्य झाले नसते.

शाळेत बसवणाऱ्यांसाठी दोन सूचना. बसवल्याबरोबर लोकेल, म्हणजे भाषा आणि देशाची सेटिंग, इंग्रजी (भारत) करावे; अमेरिकेचे राहिले तर ७/६/२०२४ ही नोंद ७ जून न राहता ६ जुलै होते आणि १३/६/२०२४ नुसता मजकूर बनून डावीकडे सरकते, त्यामुळे पावसाचा सगळा तक्ता विस्कटतो. दुसरे, आपोआप जतन करण्याचा मूळ कालावधी १० मिनिटांचा असतो. आमच्याकडे वीज जशी जाते ते पाहता तो २ मिनिटांवर आणावा, आणि ही सेटिंग प्रत्येक संगणकावर वेगळी करावी लागते.