नव्याच्या नावाखाली रंग मारलेले गोल्फ बॉल: चोवीस नगांच्या स्वस्त पिशवीबद्दल सावधगिरी

'मॅट फिनिश, निऑन रंग, लांबून दिसणारे' असे स्वस्त गोल्फ बॉल ऑनलाइन घ्यायचा विचार असेल, तर पैसे भरण्याआधी हा अनुभव वाचा. आमच्या घरी आलेली चोवीस बॉलची पिशवी नवा माल म्हणून विकली गेली होती. आत निघाले ते वेगवेगळ्या कंपन्यांचे, वापरून झिजलेले जुने बॉल, आणि त्यांच्यावर स्प्रेने मारलेला रंग. काही तर सरावाच्या रेंजवरचे होते. मॅट रंगाला चकाकी नसतेच, त्यामुळे खरवडलेला पृष्ठभाग, बुजलेले खळगे (बॉलवरचे बारीक खड्डे), पुसलेली नावं सगळं त्याखाली सहज दडतं.

हे बॉल बाबांसाठी हवे होते. सैन्यातून निवृत्त होऊन ते पुण्यात स्थायिक झाले आणि सत्तरी उलटल्यावरही सकाळी मित्रांबरोबर नऊ होल खेळतात. काचबिंदूमुळे त्यांना वस्तू आणि तिच्यामागची पार्श्वभूमी यांतला फरक पुसट दिसतो. पांढरा बॉल ढगाळ आभाळात गेला की दिसेनासा होतो. २०१९ पासून नियमानं बॉल शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात. तेवढ्यात सापडला नाही तर एक फटका दंड, आणि आधी जिथून मारला तिथून पुन्हा मारायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती परतीची चाल नको होते. बाबांच्या चौकडीतल्या कर्नलकाकांनी तर याच कारणासाठी येणं कमी केलं होतं. दोघांसाठी मिळून एकदम दोन डझन घ्यावेत, असं ठरलं.

रंगीत बॉल म्हणजे हौशी लोकांचं खेळणं, असं अजूनही कुणी म्हणतं. पण १९८२ साली अमेरिकन व्यावसायिक खेळाडू वेन लेव्हीनं हवाईयन ओपन नारिंगी बॉलनं जिंकली आणि त्याच वर्षी जेरी पेटनं प्लेअर्स चॅम्पियनशिपही नारिंगी बॉलनंच जिंकली. अलीकडे, २०१७च्या हंगामात, अमेरिकन खेळाडू बब्बा वॉटसन व्हॉल्विक या कोरियन कंपनीचा गुलाबी बॉल घेऊन खेळत होता. नियमांत रंगाला बंदी नाही. वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहेत.

कोणता रंग खरोखर दिसतो हे कळलं की फसवणूक ओळखणं सोपं जातं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहिते. उजेडात आपल्या डोळ्याला सर्वांत ठळक दिसतो तो पिवळट हिरवा, साधारण ५५५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश. उजेड मंदावला की ही संवेदनशीलता निळ्या बाजूला सरकते आणि लाल रंग काळपट वाटू लागतो. म्हणून पहाटे किंवा दिवेलागणीला खेळणाऱ्यानं गडद लाल बॉल घेऊ नये. चांगल्या निऑन बॉलमध्ये प्रतिदीप्त रंगद्रव्य असतं. ते सूर्यप्रकाशातले अतिनील आणि निळे किरण शोषून घेतं आणि डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशात परत सोडतं. रस्त्यावरच्या कामगारांची जाकिटं ढगाळ हवेतही उठून दिसतात ती याचमुळे. साध्या पिवळ्या रंगात हा गुण नसतो. जाहिरातीच्या फोटोत मात्र रंग हवा तितका भडक करता येतो आणि दोन्ही बॉल सारखेच झगमगतात.

शिवाय आपल्याकडचा ऋतू आणि झाडं बघूनच रंग निवडावा. हे कुठल्याही खोक्यावर छापलेलं नसतं. पावसाळ्यात हिरव्यागार गवतावर पिवळा बॉल छान दिसतो. एप्रिल-मे मध्ये सोनमोहराखाली पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडलेला असतो, तिथं तोच पिवळा बॉल पायाशी असून सापडत नाही. गुलमोहराखाली नारिंगी आणि लाल बॉलची तीच गत. गुलाबी टॅबेबुया फुलतो तेवढे आठवडे सोडले, तर गुलाबी बॉल वर्षभर सगळ्यांत कमी दगा देतो. उन्हाळ्यात गवत वाळून पिंगट होतं तेव्हा तर तोच उत्तम. हिरवा मॅट बॉल फोटोत कितीही देखणा दिसला तरी आपल्याकडे घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यांनीही पिवळ्याकडे वळावं.

आता ती खरेदी. प्रो शॉपमध्ये, म्हणजे मैदानावरच्या गोल्फ सामानाच्या दुकानात, नामांकित कंपनीचे दोन थरांचे (गाभा आणि कवच) रंगीत बॉल डझनाला दोन हजारांच्या आसपास होते. एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर एक विक्रेता चोवीस बॉल १,४९९ रुपयांना देत होता. वर्णनात 'ब्रँड न्यू', 'स्पर्धेसाठी मान्य', 'अतिशय ठळक' असे शब्द. फोटोत तीन-तीन बॉलच्या बंद स्लीव्ह, म्हणजे छोटी लांबट खोकी. आगाऊ पैसे भरल्यास शंभर रुपये कमी. आलं ते मात्र जाळीची पिशवी, आतून प्लॅस्टिकनं बंद केलेली. स्लीव्ह नाही, खोकं नाही, कंपनीचं नाव नाही. पिशवीवर फक्त एक बारकोड.

पॅकबंद वस्तूंसाठीच्या २०११च्या वैधमापन नियमांनुसार पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, आयात माल असेल तर तो कोणत्या देशातला, नगसंख्या, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. यातलं काहीच नव्हतं. रंगाचा वासही येत होता.

मैदानावर पहिल्यांदा ओळखलं ते बाबांच्या नेहमीच्या कॅडीनं, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या मदतनीसानं. त्यानं बॉल हातात घेतला, अंगठ्याचं नख खळग्यांवरून फिरवलं आणि म्हणाला, "ताई, याला रंग मारलाय. आत बघा, खड्डे भरलेत." बाबांकडे वळून म्हणाला, "साहेब, हा खेळू नका, वाऱ्यात भलतीकडं जाईल." खळगे म्हणजे डिंपल, साधारण तीनशे ते पाचशे असतात. त्यांच्यामुळेच बॉलभोवतीची हवा पृष्ठभागाला चिकटून वाहते आणि तो हवेत टिकतो. रंगानं ते उथळ झाले, तेही कुठे कमी कुठे जास्त, की बॉल लवकर खाली येतो आणि वाकडा जातो. पहिल्या टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) ड्रायव्हर या लांब फटक्याच्या काठीनं मारलेला बॉल नेहमीपेक्षा बराच अलीकडे पडला. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, वेज या काठीनं काढल्यावर वेजच्या खाचांत गुलाबी रंग भरला आणि बॉलवर पांढरा चट्टा उमटला. मूळचा रंगीत बॉल बनवताना अनेकदा रंग कवचाच्या प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला असतो. तो घासला गेला तरी खाली तोच रंग दिसतो.

घरी आल्यावर मी जे तपासलं ते तुम्हालाही करता येईल. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर बॉल एकेक करून ठेवले. एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा नवा माल असेल तर वजनं जवळजवळ सारखी यायला हवीत. आमच्या पिशवीतली बॉलगणिक बदलत होती, आणि काही ४५.९३ ग्रॅमच्या वर गेली. म्हणजे 'स्पर्धेसाठी मान्य' हा दावा तिथेच खोटा ठरला. मग नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चखाली अंधारात ठेवले. बाबांचा एक जुना, अस्सल पिवळा बॉल दिव्यासारखा उजळला. पिशवीतले बहुतेक बॉल मातकट आणि निस्तेज राहिले. ज्या ठळकपणासाठी पैसे मोजले तोच त्यांत नव्हता. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवलेल्या कापसानं एक बॉल पुसला, तर रंगाखालून रेंज बॉलवर असतो तसा पट्टा वर आला. दुसऱ्यावर कुठल्याशा कंपनीच्या कार्यक्रमाचा लोगो होता. शेवटी बाबांनी तीन बॉल शिकंज्यात धरून करवतीनं कापले. तिघांचे गाभे तीन रंगांचे, एकाचं कवच दुसऱ्याच्या दीडपट जाड. बाबा इतकंच म्हणाले, "हा भंगार माल आहे."

जुने बॉल विकणं हा काही गुन्हा नाही, आणि इथे प्रामाणिक विक्रेत्यांवर अन्याय होऊ नये. तळ्यातून काढून, फक्त धुऊन, प्रतवारी लावून विकलेले बॉल वेगळे. त्यांवर मूळ नाव आणि आकडा दिसत असतो, ओरखडाही दिसत असतो, आणि किंमत बघून माणूस ठरवतो. आमच्या मैदानावर कॅडीही असे बॉल उघडपणे देतात. खरवडून, रंगवून, पुन्हा छापलेले बॉल हा दुसरा प्रकार, तोही 'रिफिनिश्ड' असं सांगून विकला तर ठीक. स्पर्धेत फक्त मान्य यादीतलेच बॉल वापरायचे असा स्थानिक नियम लागू असेल तर असा बॉल चालत नाही, मूळ मॉडेल यादीत असलं तरी. ही गोष्ट लपवून 'नवा' म्हणणं ही सरळ फसवणूक आहे. ज्या वयस्कर खेळाडूंना कमी दिसतं तेच रंगीत बॉल जास्त घेतात, आणि त्यांनाच रंगातली खोट दिसत नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

तक्रार केल्यावर विक्रेत्यानं आधी 'स्क्रीनमुळे रंगात थोडा फरक पडतो' असं उत्तर दिलं. फोटो पाठवल्यावर 'वापरलेला माल परत घेत नाही' म्हणाला. मग ३०० रुपये परत देतो, पण एक तारा दिलेला अभिप्राय काढा, असा निरोप आला. हा निरोप कुणालाही आला तर पैसे घेऊ नका. अभिप्राय निघाला की पुढच्या माणसाला सावध करणारं काही उरत नाही, आणि 'तडजोड झाली' असं दाखवून तुमची तक्रारही बंद करता येते.

आम्ही बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांनुसार त्यानं ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. पोच आली, पण पुढे हालचाल दिसेना. तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. वजनाचे फोटो, कापलेल्या बॉलचे फोटो, पिशवीच्या कोऱ्या बाजूचा फोटो आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडला. त्यानंतर पूर्ण पैसे परत आले. आले नसते तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी होती. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही. बाजारपेठेबाहेरच्या एखाद्या पानावर यूपीआयनं पैसे भरले आणि समोरचा गायबच झाला, तर तो सायबर गुन्हा. त्यासाठी ताबडतोब १९३० वर फोन करायचा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा, कारण आमच्या तक्रारीनंतर विक्रेत्यानं वर्णनातला 'ब्रँड न्यू' हा शब्द गुपचूप काढून टाकला. पिशवीतले काही बॉल न वापरता, न पुसता पुरावा म्हणून बाजूला ठेवा.

स्वस्तात दिसणारा बॉल हवाच असेल तर आयोनोमर या टणक प्लॅस्टिकच्या कवचाचा दोन थरांचा बॉल पुरेसा आहे. मऊ युरेथेन कवचाच्या महागड्या बॉलची गरज बहुतेक हौशी खेळाडूंना नसते. आधी तीन बॉलची एकच स्लीव्ह घ्या आणि तुमच्या मैदानावर, तुमच्या वेळेला खेळून बघा. मॅट बॉलवर उन्हाची तिरीप चमकत नाही हे खरं, पण पावसाळ्यात त्याला चिखल धरतो. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पोचल्यावर खूण ठेवून उचलून पुसायला नियमाची परवानगी आहे. बाबा आणि कर्नलकाका आता प्रो शॉपमधून एकेक स्लीव्ह घेतात, पावसाळ्यात चकचकीत पिवळी आणि एरवी गुलाबी. दोघांचं मिळून डझनभर बॉलमध्ये बरंच भागतं, कारण ते सापडतात.

तोच विक्रेता, किंवा त्याचे फोटो वापरणारा दुसरा कुणी, सध्या वेगळ्या नावानं पुन्हा विकतो आहे. किंमत थोडी वाढवली आहे आणि आता 'ज्येष्ठांसाठी खास' असंही लिहिलं आहे. ओळखायची खूण अशी: पहिल्या फोटोत बंद स्लीव्ह आहेत, शेवटच्या फोटोत जाळीची पिशवी, आणि त्या पिशवीतल्या एकाही बॉलवर नाव किंवा आकडा छापलेला दिसत नाही.