तयार टेम्प्लेटवर आठ महिने साप्ताहिक लावलं: सगळं अडलं ते ओळींमधल्या अंतरात

गेल्या जूनमध्ये आमचा जुना संगणक बंद पडला. त्यावर पानं लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर ७ होतं, २००१ सालचं, आणि अण्णांचं चार पानी साप्ताहिक वर्षानुवर्षं त्यावरच लागत होतं. डीटीपी करणारे काका एका अंकाचे बाराशे घ्यायचे. तेही आता थकले होते. त्यामुळे पानं लावायचं काम माझ्याकडे आलं. पेजमेकरच्या जागी इनडिझाइन घेऊन त्याचं दरमहा भाडं भरायचं ठरलं. कोरी पानं आखायला माझ्याकडे वेळ नव्हता, म्हणून एका संकेतस्थळावरून वृत्तपत्राच्या टेम्प्लेटचा संच घेतला. चोवीसशे रुपये, म्हणजे काकांचे दोन अंक. हिशेब सोपा वाटला.

संच दिसायला देखणा होता. पाच कॉलम, अंकाच्या नावाचा ठसठशीत मास्टहेड, चौकटी, तळाला अँकर बातमीची जागा. आमचं साप्ताहिक डेमी कागदाला एक घडी घालून निघतं, म्हणजे पान साधारण २८.६ बाय ४४.५ सेंटीमीटर. टेम्प्लेट ११ बाय १७ इंचाचं होतं. तेवढा फरक समासात मावला.

पहिल्या अंकाचा मथळा होता, "टेंभूचं पाणी तलावात कधी?" आमच्या सांगलीकडच्या खानापूर तालुक्यात टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याचा हा प्रश्न कायम ताजा असतो. रात्री एक वाजता पीडीएफ छापखान्यात पाठवली. प्रिंट काढून तपासली नाही, ही चूक माझी. सकाळी अंक हातात आला तेव्हा ४८ पॉइंटात छापलं होतं, "टभूच पाणा तलावात कधा?"

झालं असं की टेम्प्लेटमधली मथळ्याची चौकट इंग्रजी कॅपिटल अक्षराच्या उंचीवर बेतलेली होती. शिरोरेषेच्या वर आपला जो संसार असतो, मात्रा, अनुस्वार, रफार, वेलांटीचा गोल, तो सगळा चौकटीच्या बाहेर जात होता. आणि बाहेर वर मोठा फोटो होता, मथळ्याच्या वरच्या थरात. शिरोरेषेवरचं सगळं त्याखाली झाकलं गेलं. अण्णांनी तो अंक दिवसभर टेबलावर उलटा ठेवला होता. मला एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

दुसऱ्या अंकाला मथळे सांभाळले, तर आतल्या मजकुरानं गाठलं. टेम्प्लेटमध्ये मजकुराचं लिडिंग, म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर, होतं ११ पॉइंट. इंग्रजीला ते मोकळं वाटतं, कारण तिथे दोन ओळींच्या मध्ये फारसं कुणी येत नाही. मराठीत वरच्या ओळीतून ऊकार आणि ऋकार खाली उतरतात, खालच्या ओळीतून रफार आणि अनुस्वार वर चढतात. १० पॉइंटाच्या अक्षराला ११ चं लिडिंग दिलं की ती एकमेकांत घुसतात. "कृषी"तला ऋकार खालच्या ओळीतल्या "शेतकऱ्यांची"च्या अनुस्वारावर येऊन बसला होता, आणि वर्तमानपत्री कागदावर शाई थोडी पसरतेच. त्या जागी नुसता काळा ठिपका उरला. ज्या माणसाला चष्म्यातूनही जेमतेम दिसतं, तो आमचा वर्गणीदार आहे. त्याच्यासाठी अंक काढायचा आणि त्यालाच वाचता येऊ नये, याचा मला फार राग आला.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, टेम्प्लेट सर्व भाषांना चालतं, डिजिटल माल परत घेत नाही. मी तीनदा छायाचित्रांसह लिहिलं. चौथ्यांदा उत्तरच आलं नाही. जुलैत मला कुणी विचारलं असतं तर एवढंच सांगितलं असतं, की मराठीसाठी हे घेऊ नका, पैसे पाण्यात.

आज तसं सांगणार नाही.

ऑगस्टमध्ये मी एक रविवार घालवून संचातल्या स्टाइल्स, म्हणजे मजकुराचा फॉन्ट, आकार, अंतर ठरवून ठेवलेले साचे, उघडून पाहिल्या. एकूण ४१ होत्या. त्यातल्या बहुतेक एकाच मूळ स्टाइलवर बेतलेल्या होत्या. म्हणजे त्या एका जागी लिडिंग बदललं की सगळीकडे बदलतं. तिथेच कंपोझरही बदलला, म्हणजे इनडिझाइनमध्ये अक्षरं आणि ओळी जुळवणारी सोय. साध्या कंपोझरवर आपली पहिली वेलांटी अक्षरानंतर पडते आणि जोडाक्षरं हलंत घेऊन सुटी पडतात. वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडला की ती जागेवर येतात. हे मी तोवर दर बातमीला हातानं करत होते, दर आठवड्याला, चाळीस-पन्नास ठिकाणी! मजकुराला मुक्त हा फॉन्ट लावला. मुंबईच्या एक टाइपचा आहे, फुकट मिळतो, बारीक ते जाड अशी सात वजनं आहेत, त्यामुळे मथळे, उपमथळे, मजकूर सगळं एकाच घरात राहतं. ओळी ज्यावर बसतात ती बेसलाइन ग्रिड ११ वरून १३.५ वर नेली. मथळ्याच्या चौकटींना वरून जागा सोडली.

पुढचा अंक आला आणि अण्णांनी पहिलं पान नाकापाशी धरून वाचलं, मग हात लांब करून वाचलं. म्हणाले, "आता पान श्वास घेतंय बघ."

पण याची किंमत आहे, आणि ती विकत घेण्याआधी मोजावी. आमचा कॉलम ४० सेंटीमीटर उंच आहे. ११ च्या लिडिंगला त्यात १०३ ओळी बसतात, १३.५ ला ८४. कॉलममागे १९ ओळी, पानामागे ९५ ओळी गेल्या. म्हणजे जवळजवळ एक अख्खा कॉलम! टेम्प्लेटमध्ये जिथे सहा बातम्या सुबक बसलेल्या दिसतात, तिथे मराठीत पाच बसतील असंच धरा. आधी मी १३ करून पाहिलं, साडेबाराही करून पाहिलं. साडेबाराला रफार पुन्हा टेकायला लागला. १३ चालतं, पण दाट वाटतं. या अर्ध्या पॉइंटावरून आमच्या घरात दोन आठवडे वाद चालला. अण्णांना ओळी हव्या होत्या, मला अंतर. शेवटी बातम्या छोट्या लिहायच्या ठरल्या, आणि खरं सांगते, गावोगावच्या वार्ताहरांचं मॅटर त्यामुळे सुधारलं. सत्काराच्या बातमीतली व्यासपीठावरची बावीस नावं आता सातावर आली आहेत.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. टेम्प्लेटमधला काळा रंग चार शाया एकावर एक छापून होणारा होता. छपाईत प्लेट केसभर हलली तरी बारीक अक्षराला सावली पडते. मजकूर निव्वळ काळ्यात करून घ्या. मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छपाईचं ठिकाण देणारी ओळ अंकावर कायद्यानं लागते, आम्ही ती शेवटच्या पानाच्या तळाला देतो. तिला या संचात जागाच नव्हती. नोंदणी क्रमांकालाही नव्हती. दोन्ही मास्टर पानावर, म्हणजे ज्या साच्यावरून पानं तयार होतात त्यावर, एकदाच टाकून ठेवा, म्हणजे घाईत राहून जाणार नाहीत. कामाचं सगळ्यात जास्त हेच मास्टर पान ठरलं. पूर्वी मंगळवारी रात्री दोनपर्यंत चालणारं काम आता साडेदहाला संपतं.

एक दुखणं अजून आहे, ते जाहिरातींचं. आमचं पोट त्यावरच आहे: वाढदिवसाच्या शुभेच्छा, श्रद्धांजली, जाहीर नोटिसा. एजन्सीकडून येणारी दोन कॉलमी जाहिरात ८ सेंटीमीटर रुंद असते. टेम्प्लेटच्या पाच कॉलमांत दोन कॉलम मिळून ९.७६ सेंटीमीटर होतात. दर जाहिरातीच्या कडेला पावणेदोन सेंटीमीटर पांढरी पट्टी. ताणून बसवली तर माणसांचे चेहरे फुगतात, आणि श्रद्धांजलीच्या फोटोत तसं करणं मला जमणार नाही. कागदाचे पैसे आम्ही देतो, ती पट्टी विकली जात नाही.

मागच्या आठवड्यात कागदावर मांडून पाहिलं. २५ सेंटीमीटर रुंदीत सहा कॉलम पाडले, मध्ये ४ मिलिमीटरची फट ठेवली, तर दोन कॉलम ८.०७ सेंटीमीटर होतात. जाहिरात नेमकी बसते. पण कॉलम ३.८ सेंटीमीटरचा उरतो, आणि "ग्रामपंचायतीच्या", "पाणीपुरवठ्यासाठी" असे शब्द त्यात आले की ओळीत दोनच शब्द राहून मध्ये भगदाड पडतं. म्हणून पान दोन आणि तीन सहा कॉलमी करून तिथली बातमी दोन कॉलम एकत्र घेऊन लावणार आहे. पहिलं आणि चौथं पाच कॉलमीच ठेवीन. अण्णांनी जुनी स्टीलची पट्टी काढून ठेवली आहे. येत्या मंगळवारी लावून बघू.