एचपी सोडा, गिअरबॉक्स बघा: पीचच्या बागेसाठी साइड-बाय-साइड निवडताना

टेक्सासच्या हिल कंट्रीत, फ्रेडरिक्सबर्गच्या बाजूला आमची पीचची बाग आहे. बागेमागे चुनखडीचा चढ आणि त्यावर ओक-सीडरची झाडी. ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोकडच्या बऱ्याच मराठी मंडळींनी अलीकडे इकडे जमिनी घेतल्यात. त्यांचा पहिला फोन विहिरीसाठी येतो आणि दुसरा हमखास "साइड-बाय-साइड कुठलं घेऊ?" म्हणून. तेच आता नीट लिहून काढते.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दोघं-तिघं शेजारीशेजारी बसतील अशी सीट, गाडीसारखं स्टिअरिंग, मागे उलटणारा हौदा आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा, असं हे वाहन. कावासाकीचं म्यूल १९८८ पासून बाजारात आहे, त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला यात नवल काहीच नाही. बदललं ते एवढंच की आता एकाच मशीनकडून आठवडाभर काम आणि रविवारी मजा, दोन्हीची अपेक्षा असते. सगळी ओढाताण तिथेच होते.

आम्ही मन लावून तपासली ती तीन: पोलॅरिस रेंजर एक्सपी १०००, होंडा पायोनिअर १०००-५ आणि कुबोटा आरटीव्ही-एक्स११००सी. शोरूममध्ये सगळ्यात आधी एचपी, म्हणजे इंजिनाची ताकद, ऐकवतात. रेंजरची ८२ एचपी, कुबोटाच्या डिझेल इंजिनाची जेमतेम २५. कागदावर हा सामना एकतर्फी वाटतो. पण मी तासगावच्या द्राक्षवाल्यांच्या घरात वाढले. बागेत छोटा ट्रॅक्टर दिवसभर कसा राबतो ते लहानपणापासून पाहिलंय. बागेतलं काम म्हणजे सावकाश चालणं, दर चार झाडांना थांबणं, पुन्हा निघणं, फाटक उघडणं, उतारावर उभं राहणं. तिथे इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचते कशी, याला महत्त्व. आणि या तिघांत ती तीन वेगळ्या वाटांनी पोचते.

रेंजरमध्ये रबरी बेल्ट आहे. दोन पुल्या आणि त्यांच्यामध्ये पट्टा. वेग वाढेल तशा पुल्या उघडतात-मिटतात, गिअर बदलल्याचा धक्का बसत नाही. मोकळ्या रस्त्यावर ही गाडी इतकी सुरेख पळते की उतरावंसं वाटत नाही. पण भरलेला हौदा घेऊन 'हाय'मध्ये, म्हणजे वेगाच्या गिअरमध्ये, रांगत चाललात की बेल्ट घसरतो, तापतो. बेल्टवाल्या कुठल्याही मशीनला हा नियम लागू आहे: ओझं असेल, चढ असेल किंवा वेग अगदी कमी असेल, तर 'लो'मध्ये, म्हणजे ताकदीच्या गिअरमध्ये, टाका. आमच्या शेजाऱ्याकडच्या एका बेल्टवाल्या गाडीचा (कंपनीचं नाव घेत नाही) पट्टा कुंपणाचे खांब वाहताना चढावरच जळाला. जळक्या रबराचा वास आमच्या ओसरीपर्यंत आला होता. गडी नवा होता, त्याला 'लो'चं कुणी सांगितलंच नव्हतं. ओढ्यातून जाताना बेल्टच्या घरात पाणी शिरलं तरी तो घसरतो, मग सुकेपर्यंत थांबा. चार वेगवेगळी माणसं गाडी चालवणार असतील तर या गोष्टीचा आधी विचार करा. एकटेच चालवणार असाल आणि हात जपून वापरणारा असेल, तर रेंजरला नाव ठेवायला जागा नाही. ट्रॉली ओढायची क्षमता २,५०० पौंड, हौद्यात १,००० पौंड. शिवाय मागचा डिफरन्शिअल मोकळा करायचं, म्हणजे मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू द्यायचं, बटण आहे, त्यामुळे वळताना झाडांमधलं गवत उचकटत नाही. बागवाल्याला ही सोय लाखमोलाची वाटेल.

कुबोटात बेल्ट नाही, हायड्रोस्टॅटिक आहे. इंजिन पंप फिरवतं, पंपाचं तेल मोटर फिरवतं. पॅडल सोडलं की गाडी आपोआप मंदावते, उतारावर इंजिनच तिला धरून ठेवतं. फवारणीला याच्यासारखं दुसरं मशीन मी चालवलेलं नाही. पायाच्या नखाएवढा दाब बदलला तरी वेग तेवढाच बदलतो, आणि फवारा सगळ्या झाडांवर एकसारखा बसतो. हौदा हायड्रॉलिकवर उलटतो, खत ओतायला खांदा लावावा लागत नाही. कारखान्यातूनच एसी-हीटरसह बंद केबिन येते. जुलैमध्ये इथे पारा ३५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा तिचं मोल कळतं. उणी बाजू म्हणजे वेग ताशी २५ मैलांच्या आसपास संपतो, ट्रॉली १,३०० पौंडांपर्यंतच, आणि केबिनवाल्या गाडीत माणसं दोनच. किंमतही २० हजार डॉलरच्या पुढे जाते. चार सीटचं एक्स११४० मॉडेल आहे, पण आमचं मन तिकडे वळलं नाही, कारण केबिनसाठीच तर कुबोटाकडे गेलो होतो.

होंडाने तिसरी वाट धरली. पायोनिअर १००० मध्ये खरे गिअर आहेत, सहा गिअरचा ड्युअल क्लच. विषम गिअर एका क्लचवर, सम गिअर दुसऱ्यावर, आणि बदल आपोआप. काही मोटारगाड्यांत असतं तसंच. सावकाश चालताना गिअर पडल्याचं जाणवतं, रेंजरचा लोण्यासारखा मऊपणा इथे नाही. पण जळायला पट्टाच नाही. आणि १०००-५ ची खरी गंमत मागे आहे. हौद्याच्या तळातून दोन सीट उलगडून उभ्या राहतात. सोमवारी तिथे पीचचे क्रेट, रविवारी दोन माणसं. पुढे तीन, मागे दोन.

आम्ही पायोनिअर घेतली.

एसी नाही, हे मला रोज दुपारी जाणवतं. ट्रॅक्टर डिझेलवर आणि ही पेट्रोलवर, म्हणून डबेही दोन ठेवावे लागतात. तरी मुलगा, सासरे, हंगामातली गडीमाणसं असे सगळे चालवणारे असताना बेल्टची चिंता मला नको होती, आणि पाहुण्यांसाठी वेगळी गाडी पोसायची नव्हती. ज्यांच्याकडे पाहुण्यांचा राबता नाही, नुसतं कामच आहे, त्यांना मी कुबोटाच सांगते.

मध्ये महिंद्राच्या रॉक्सरचाही मोह झाला होता. मिशिगनच्या ऑबर्न हिल्समध्ये जुळणी झालेली, अडीच लिटर टर्बो डिझेलची, ६२ एचपीची, हाताने गिअर टाकायची गाडी. तिच्यात बसले आणि गावाकडच्या जीपची आठवण येऊन गळा दाटला. जीपच्या रूपाशी असलेल्या साधर्म्यावरून २०२० मध्ये तिच्या आधीच्या मॉडेलवर इथे बंदी आली आणि पुढचा चेहरा बदलावा लागला. लोखंडी बॉडी दणकट आहे. पण मागे उलटणारा हौदा नाही, आणि माझं निम्मं काम हौद्यातच असतं.

वजनाचं गणित विक्रेता कधी मांडून दाखवत नाही. ५० गॅलनची फवारणीची टाकी भरली की नुसतं पाणीच ४१७ पौंड, म्हणजे जवळजवळ १९० किलो. त्यात पंप, टाकी आणि नळ्या आल्या. हौद्याची क्षमता १,००० पौंड लिहिलेली असते, पण गाडीच्या एकूण वहनक्षमतेत बसलेली माणसंही मोजतात. तीन धट्टीकट्टी माणसं पुढे आणि भरलेली टाकी मागे, असं आडव्या उतारावर जाल तर गाडी कलंडायला फार काही लागत नाही. टाकी अर्धीच भरलेली असेल तर पाणी हिंदकळतं, ते आणखी वाईट.

कलंडण्याचं मी उगाच सांगत नाही. यामाहाचं राइनो हे साइड-बाय-साइड २००४ सालापासून फार खपलं, आणि ते उलटण्याच्या अपघातांमुळे २००९ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाबरोबर कंपनीने मोफत दुरुस्तीची मोहीम काढली: मागचा स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारी दांडी) काढायचा आणि मागच्या चाकांना स्पेसर, म्हणजे चाकं बाहेर सरकवणाऱ्या चकत्या, लावायचे. पिंजरा असला तरी तो वाचवतो सीटबेल्ट बांधलेल्यालाच. गाडी कलायला लागली की हात आपसूक बाहेर जातो, आणि तोच पिंजऱ्याखाली सापडतो. म्हणून दरवाजे किंवा जाळी लावल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. आमच्याकडे नियम ठरलेला आहे. ज्या मुलाचे पाय तळाला टेकत नाहीत, त्याने बसायचं नाही. सोळाच्या आतल्याने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. गाडीवरच्या स्टिकरवर हेच लिहिलेलं असतं. मे-जूनमध्ये पीच खायला मंडळी येतात, लेकरं रडतात, आजी म्हणते, "एक चक्कर तर मारू दे गं." नाही म्हणजे नाही. मी त्यांना पायीच ओढ्यावर नेते, तिथे हरणं दिसतात.

जुनी गाडी घेणार असाल तर मीटरवर मैल आणि तास दोन्ही दिसतात, मैलांना तासांनी भागा. आकडा पाच-सहाच्या घरात आला तर ती कामात रांगलेली, वीसच्या पुढे गेला तर पळवलेली. मग खाली वाकून चाकांजवळचे रबरी बूट (आसाच्या सांध्यावरची आवरणं) फाटलेत का बघा, फाटले असतील तर ग्रीस बाहेर उडालेलं दिसतं. हौदा उचलून बिजागऱ्या हलवा. बेल्टवाली असेल तर बेल्ट केव्हा बदलला ते विचारा आणि झाकण उघडून दाखवायला सांगा. शेवटी हौद्यात पाण्याचे कॅन भरून चढावर न्या आणि मध्येच थांबून पुन्हा निघा. विकणारा नको म्हणाला, तर दुसरी बघा.