पाठीच्या कण्याची हालचाल मोजायला मोशन कॅप्चर: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी शोबर टेस्टवरच भागवायचे, कमरेवर पेनाने 15 सेंमी अंतरावर खुणा करायच्या, पेशंटला पुढे वाकवायचं, अंतर 5 सेंमीच्या आसपास वाढलं की ठीक. आता मोशन कॅप्चर, म्हणजे इन्फ्रारेड कॅमेरे आणि पाठीवर चिकटवायचे चमकणारे मार्कर (छोटे ठिपके) वापरतेय; कॅमेरे मार्करची जागा टिपतात आणि त्यावरून हालचाल मोजतात.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे खुबा आणि कंबर वेगळी दिसते. एका पेशंटची बोटं आरामात जमिनीला टेकायची, म्हणून सगळे म्हणायचे पाठ मोकळी आहे, पण ओटीपोटाच्या हाडावरचे मार्कर बघितले तर जवळपास सगळं वाकणं खुब्यातून होत होतं, कंबर ताठच! टेपने हे मला कधीच कळलं नसतं.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, कॅमेरा मणका बघत नाही, कातडीवरचा मार्कर बघतो. पेशंट वाकलेला असताना मी परत बोटांनी चाचपून बघितलं तर उभं असताना बरोबर मणक्यावर लावलेला मार्कर चक्क सरकलेला, कारण कातडी ताणली जाते. पुढे वाकणं 50-60 अंशांचं असतं म्हणून तिथे ही चूक खपून जाते, पण कमरेच्या एकेका मणक्याचं फिरणं जेमतेम 2-3 अंश, तिथे कातडीचं सरकणंच त्याच्याएवढं होऊ शकतं. म्हणून मी एकेका मणक्याचे आकडे रिपोर्टमध्ये देतच नाही, पूर्ण कंबर आणि पूर्ण छातीचा भाग एवढंच देते. सॉफ्टवेअर दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा दाखवतं, त्यावर जाऊ नका.

अंगावर लावून हालचाल मोजणारे बिनकॅमेऱ्याचे सेन्सरही वापरले, लावायला सोपे, पण जरा वेळ गेला की आकडा हळूहळू वाहवत जातो आणि लोखंडी पलंगाजवळ तर दिशाच चुकते. मार्कर न लावता नुसत्या व्हिडिओवरून मोजणारे प्रोग्राम पाठीसाठी मला तरी पटले नाहीत, त्यातली बरीच मॉडेल्स शरीरावर 17 बिंदू शोधतात आणि त्यातला एकही पाठीवर नसतो, खांद्यानंतर थेट खुबा.

आणि हो, सुरुवातीला एकाच पेशंटचे दोन आठवड्यांतले आकडे जुळेनात, मी कॅलिब्रेशन (कॅमेऱ्यांची मोजणी तपासून जुळवणं) चारदा केलं. शेवटी कळलं की दुसऱ्या वेळी मार्कर माझ्या सहकाऱ्याने लावले होते, एक मणका वर. आता एका पेशंटला मार्कर लावणारी व्यक्ती एकच, आणि तिचं नाव रिपोर्टवर लिहितो.