वर्गणी की अनुदान?
स्थलांतरितांच्या छोट्या संस्थेला सभासदांच्या वर्गणीतून रक्कम थोडीच मिळते, परंतु ती कोणत्याही कामासाठी वापरता येते. जागेचे भाडे, विमा, हिशेबतपासणीचे शुल्क अशा ज्या खर्चांसाठी देणगीदार सहसा पुढे येत नाहीत, ते तिच्यातूनच भागतात. अनुदान मोठे असते, मात्र ते ठरावीक प्रकल्पाशी बांधलेले असते, अनेकदा खर्च आधी करावा लागतो व परतावा मागाहून येतो, आणि मुदत संपली की त्यावर नेमलेल्या कर्मचाऱ्याचा पगार कोठून द्यायचा, हा प्रश्न उभा राहतो. वर्गणीची कसोटी दुसऱ्या पिढीत लागते, कारण पहिल्या पिढीची बांधिलकी मुलांत आपोआप उतरत नाही. तरीही मला पाया वर्गणीचाच वाटतो; अनुदान घ्यावे, पण निदान 3 महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी साठल्यावरच.