‘एकदा फवारा, 21 दिवस पाणी नको’ : 11,600 रुपये पाण्यात गेले

ऑगस्टमधल्या पावसाच्या खंडात, ऐन शेंगा भरण्याच्या वेळी सोयाबीनने माना टाकल्या आणि मी ‘100 टक्के वनस्पतिजन्य’ म्हणून विकले जाणारे टॉनिक घेतले. लिटरची बाटली 1,150 रुपयांना, अशा 8 बाटल्या. लिटरमागे 5 मिली या प्रमाणाने 4 एकरांवर दोन फवारण्या केल्या. औषधाचे 9,200 आणि मजुरीचे 2,400 रुपये गेले, आणि फवारणीतून सुटलेल्या ओळींपेक्षा फवारलेले पीक काडीइतकेही सरस दिसले नाही.

“एकदा फवारा, 21 दिवस पाणी नको,” असे विक्रेता म्हणाला, तिथेच मी उठून यायला हवे होते. शेवग्याच्या पाल्याचा किंवा समुद्री शेवाळाचा अर्क पिकाला ताण सोसायला मदत करतो, पाण्याची जागा घेत नाही. शिवाय तो ताण बसण्याआधी फवारावा लागतो, कारण कोमेजलेल्या पानाची पर्णरंध्रे मिटलेली असतात आणि ते फारसे काही शोषून घेत नाही. हे मला ठाऊक होते. परंतु विहीर आटलेली, पीक डोळ्यांदेखत वाळणारे आणि बाटल्या घेतल्याशिवाय खताची गोणी मिळणार नाही असे लिंकिंग. अशा वेळी शेतकऱ्याने नाही म्हणायचे कोणत्या बळावर?

लेबलवर घटकांची टक्केवारी नव्हती, बिलावर नुसते ‘औषध’ लिहिले होते. उत्पादनाचे नाव आणि बॅच क्रमांक नसलेले बिल घेऊच नका.

खरा संताप पुढचा आहे. एका कार्यालयाने हे कीटकनाशक नाही म्हणून हात झटकले, दुसऱ्याने हे खत नाही म्हणून. 2021 मध्येच जैव-उत्तेजके, म्हणजे पिकाला वाढीला आणि ताण सोसायला मदत करणारी असली टॉनिके, त्यांत वनस्पतींचे अर्कही, खत नियंत्रण आदेश, 1985 च्या कक्षेत आली आहेत, हे मी दाखवून दिल्यावर नमुना मागण्यात आला आणि रिकाम्या बाटल्या पाहून ‘सीलबंद माल आणा’ असे सांगून तक्रार बाजूला ठेवली गेली. फवारल्याशिवाय फसवणूक कळत नाही आणि फवारल्यावर नमुना उरत नाही, हे विक्रेत्यांना पक्के माहीत आहे. दुकानातून नमुने काढण्याचा अधिकार त्याच आदेशाने निरीक्षकांना दिलेला असताना, हंगामात ते काम कोणी करायचे?

पहिल्याच खेपेला सगळ्या रानावर फवारू नका, काही ओळी कोऱ्या ठेवा. ज्यांच्याकडे असली बाटली अजून न उघडलेली असेल, त्यांनी ती बिलासह जपून ठेवावी आणि लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी.