इंडियनोलाचं बी. बी. किंग म्युझियम: घाईत जाऊ नका

अमेरिकेत मेम्फिसला जाणार असाल तर एक दिवस जास्तीचा काढा आणि दक्षिणेला मिसिसिपी राज्यातल्या इंडियनोलाला जा. अमेरिकन ब्लूज संगीताचा गायक-गिटारवादक बी. बी. किंग याचं, २००८ साली उघडलेलं हे संग्रहालय कापसातून सरकी काढायच्या जुन्या विटांच्या कारखान्याला जोडून बांधलंय. १९४०च्या दशकात स्वतः बी. बी. किंग इथे राबला. ट्रॅक्टर चालवणारा हा पोरगा शनिवारी गावातल्या कोपऱ्यावर गिटार घेऊन उभा राहायचा. त्या विटांना हात लावला आणि बराच वेळ तिथून हलवेना.

त्याच्या गिटारची, ल्युसिलची गोष्ट इथे नीट कळते. १९४९ची थंडी, आर्कान्सातलं ट्विस्ट गाव. उबेसाठी पेटवलेलं रॉकेलचं पिंप दोघांच्या मारामारीत कलंडलं. बाहेर पळालेला बी. बी. गिटारसाठी पुन्हा आगीत शिरला. भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होतं, हे नंतर कळलं. मग प्रत्येक गिटारचं नाव ल्युसिल!

मी सतार वाजवते, त्यामुळे जुन्या चित्रफितींसमोरच जास्त रमले. तार ओढून तो सूर चढवतो ती थेट आपली मींड. डाव्या हाताचं बोट तारेवर थरथरतं, आणि एकच सूर रडल्यासारखा लांबतो. गाताना तो वाजवत नाही. ओळ संपली की गिटार उत्तर देते, गवयामागून पेटी यावी तशी.

किमान तीन तास ठेवा. २०१५ मध्ये तो गेला. समाधी याच आवारात आहे. तिथे शेवटी जा.